डी४वरचे प्यादे आणि नवव्या खेळीचा शह

एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे: ‘मी बेचाळीस वर्षांचा असून नोकरी सांभाळून वर्षाला दोन-तीन स्पर्धा खेळतो. पांढऱ्याने ई४ने सुरुवात केली की गेली दोन वर्षे मी फ्रेंच बचावच खेळतो. परवाच्या स्पर्धेत चौथ्या फेरीत डाव असा झाला: १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३. सहाव्या खेळीला मी डी४वरचे प्यादे मारले, त्याने सी-प्याद्याने परत मारले. सातव्या खेळीला मी घोड्याने डी४वरचे प्यादे खाल्ले, त्याने घोड्याने घोडा घेतला आणि मी वजिराने तो घोडा घेतला. नवव्या खेळीला त्याने बी५वर उंट ठेवून शह दिला आणि माझा वजीर गेला. अकराव्या खेळीनंतर मी डाव सोडला. काळा डी४वरचे प्यादे खातो, हे मी तयारीत अनेकदा पाहिले होते. मग चुकले कुठे? मित्र म्हणतात, फ्रेंच सोडून दुसरा बचाव धर. पाचव्या फेरीत मी इतका बिचकून खेळलो की चांगल्या स्थितीत बरोबरी मागितली. बचाव बदलावा का? आणि डाव सोडण्यात मी घाई तर केली नाही ना?’

सप्रेम नमस्कार.

बचाव बदलू नका. पत्राला एका वाक्यात उत्तर द्यायचे तर ते एवढेच आहे. पण एवढ्यावर तुमचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. ज्या स्थितीत तुमचा वजीर गेला, त्या स्थितीत फ्रेंच बचाव खेळणाऱ्या पिढ्यान् पिढ्या अडखळल्या आहेत. तिथे काय घडते हे एकदा नीट पाहिले, तर तुमची चूक बचावाच्या निवडीत नव्हती आणि स्मरणशक्तीतही नव्हती, हे तुम्हालाच पटेल.

पटावर सहाव्या खेळीनंतरची स्थिती मांडा. पांढऱ्याचा उंट नुकताच डी३वर आला आहे. डी४वरच्या प्याद्यावर तुमची तिघांची नजर आहे: सी५वरचे प्यादे, सी६वरचा घोडा आणि बी६वरचा वजीर. त्याच्याकडून राखणीला सी३वरचे प्यादे आणि एफ३वरचा घोडा हे दोघेच आहेत, कारण डी१वरच्या त्याच्या वजिराची वाट त्याच्याच उंटाने अडवली आहे. तुम्ही प्यादे मारले, त्याने परत मारले. आता तुमच्याकडे दोन हल्लेखोर उरले आणि त्याच्याकडे एकच राखणदार. बेरीज-वजाबाकी तर म्हणते की प्यादे फुकटचे आहे. ही मोजणी तुम्ही अचूक केलीत, याबद्दल मला शंका नाही. पण वजिराची वाट अडवणारा उंट जागेवर खिळलेला नसतो, ही गोष्ट मोजणीत येत नाही. तो बाजूला झाला की दार उघडते, आणि बाजूला होता होता त्याने शह दिला तर तुमच्याकडे वजीर वाचवायला खेळीच उरत नाही. डी-स्तंभात त्याच्या वजिरासमोर तुमचा वजीर उघडा, सी६वरचा घोडा गेल्यामुळे बी५वरून ई८पर्यंतचा कर्ण मोकळा, आणि सी८वरचा तुमचा उंट अजून घरीच. बी५वरचा शह या सगळ्याचा हिशेब एका खेळीत मांडतो.

आता ‘मी तयारीत हे पाहिले होते’ या तुमच्या वाक्याकडे वळतो. तुम्ही पाहिले ते खरेच आहे. मुख्य मार्गात काळा हे प्यादे खातोच, फक्त एक खेळी उशिरा: सातव्या खेळीला उंट डी७वर येतो, पांढरा किल्लेकोट करतो आणि मग आठव्या खेळीला घोडा डी४वर जातो. घोड्याने घोडा, वजिराने घोडा हा पुढचा क्रम तुमच्या डावातल्यासारखाच आहे. फरक एका उंटाचा. तो डी७वर असला की बी५वर येणाऱ्या पांढऱ्या उंटाचा शह मुळी बसतच नाही. तुम्ही निवांतपणे डी१वरचा वजीर मारता, तो हत्तीने परत मारतो आणि मग तुमचा उंट बी५वरचा उंट खातो. तुम्हाला डाव एखाद्या गाण्याच्या ओळींसारखा पाठ होता आणि एक ओळ गळली. गाण्यात ओळ गळली तर मागचा-पुढचा अर्थ जुळेनासा होतो आणि आपण थबकतो. इथे थबकावे असे काही जाणवलेच नाही, कारण उंट डी७वर कशासाठी जातो हे तुमच्या पाठांतरात कुठेच नव्हते. ‘उंटाचा विकास’ एवढेच नाव देऊन तुम्ही ती खेळी साठवली असावी, असा माझा अंदाज आहे. विकासाची खेळी एखादी मागे-पुढे झाली तर बिघडत नाही, असे कुणालाही वाटेल. पण ती बी५वरच्या शहाविरुद्ध लावलेली कडी होती.

यावर तुम्ही विचाराल, आणि विचारायला हवेच, की मग उंट सहाव्या खेळीलाच डी७वर ठेवला तर काय बिघडते? मारामारी नंतर करू. हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पटावर मिळालेले आहे. कार्ल्सबाड येथे १९११ साली झालेल्या स्पर्धेत आरॉन निमझोविच यांच्याविरुद्ध गेओर्ग साल्वे यांनी याच स्थितीत, डी४वर मारामारी करण्याआधीच, उंट डी७वर ठेवला. निमझोविच यांनी लगेच डी-प्याद्याने सी५वरचे प्यादे मारले. साल्वे यांच्या एफ८वरच्या उंटाने ते परत घेतले. पण ज्या प्याद्यावर काळ्याची सारी मोहरी रोखलेली होती, ते डी४वरचे प्यादे आता तिथे उरलेच नव्हते. पुढे साल्वे यांनी एफ६ खेळून ई५वरचे प्यादेही उखडले, आणि निमझोविच यांनी डी४ व ई५ ही मोकळी झालेली दोन्ही घरे प्याद्यांऐवजी मोहऱ्यांनी अडवून धरली. काळ्याची मधली प्यादी जागच्या जागी थिजली आणि डाव पांढऱ्याने जिंकला. साल्वे यांची खेळी हरणारी होती असे मी म्हणणार नाही. तिने पांढऱ्याला निवड बहाल केली, एवढेच. पण फ्रेंच बचावात डी४वरच्या प्याद्याचे ओझे पांढऱ्याच्या डोक्यावर ठेवणे हीच काळ्याची कमाई असते, आणि ते ओझे उतरवून ठेवायची संधी त्याला आपणहून का द्यावी?

म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी या तीन खेळ्यांचा क्रम दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. डी४वर आधी मारले नाही, तर पांढरा सी५वर मारून मोकळा होतो. मारल्यावर उंट डी७वर आणला नाही, तर वजीर जातो. या दोन कारणांची गाठ एकदा मनात बसली की तो क्रम पाठ करावा लागत नाही, आणि विसरायचा म्हटले तरी विसरता येत नाही.

प्यादे खाल्ल्यानंतरचा भागही पाहून ठेवा, कारण पुढच्या वेळी तुम्ही तिथे पोहोचणार आहात. पांढरा दहाव्या खेळीला घोडा सी३वर आणतो आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात वेगवान विकास मिळवतो. या गँबिटला स्टुअर्ट मिल्नर-बॅरी यांचे नाव आहे. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्क येथे जर्मन सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांपैकी एक होते. १९४१ साली ॲलन ट्युरिंग आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अधिक माणसांची मागणी करणाऱ्या पत्रावर सही केली आणि ते पत्र पंतप्रधान चर्चिल यांच्या निवासस्थानी स्वतः नेऊन दिले. दडवलेला अर्थ शोधणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या नावाच्या गँबिटमध्ये उंटाआड वजीर दडलेला असावा, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

तर, घोडा सी३वर आल्यावर तुमच्यासमोर मोह उभा राहतो: वजिराने ई५वरचे दुसरे प्यादेही खाता येते. ते खाल्लेत तर पांढऱ्याचा हत्ती ई१वर येतो, तुमचा वजीर पुन्हा पळतो आणि राजा मध्येच अडकून पडतो. तयारीच्या जोरावर खेळणारे ती वाट धरतात. तुम्हाला माझा सल्ला एका प्याद्यावर समाधान मानण्याचा आहे. दहाव्या खेळीला ए६ खेळा. दिसायला ही मामुली प्यादेखेळी आहे, पण तिच्याविना काय होते ते पाहा. पांढऱ्याचा घोडा बी५वर येऊन तुमच्या वजिरावर आणि सी७च्या घरावर एकदम हल्ला करतो, आणि तुम्ही त्या घोड्याला डी७वरच्या उंटाने मारलेत, तर पांढरा उंट परत मारताना पुन्हा शह देतो आणि डी-स्तंभात तुमचा वजीर पुन्हा उघडा पडतो. चौथ्या फेरीत ज्या सापळ्यात तुम्ही सापडलात, तोच सापळा अकराव्या खेळीला दुसऱ्या दाराने येतो. ए६ ते दार बंद करते.

त्यानंतर पांढरा बहुधा वजीर ई२वर आणून ई५चे प्यादे राखतो, तुम्ही घोडा ई७वर आणता आणि तो राजा एच१वर सरकवतो. ही शेवटची खेळी पाहून अनेकांना वाटते की पांढऱ्याला काही सुचत नाही. तसे नाही. डी४वरचा तुमचा वजीर ई३ आणि एफ२वरून थेट जी१वरच्या राजाकडे पाहत असतो, म्हणून एफ-प्यादे जखडलेले असते. राजा कोपऱ्यात गेल्यावरच त्याला एफ४ खेळून ई५ला टेकू देता येतो. तुमचा घोडा मग सी६वर जातो आणि झुंज सुरू होते. तुमच्याकडे एक प्यादे जास्त, त्याच्याकडे वेळ आणि मोकळी मोहरी. मला विचाराल तर मी काळ्याची बाजू घेईन, पण डुलकी काढणार नाही. नवव्या खेळीला डी४वर घोड्याने घोडा मारण्याऐवजी बी१वरचा घोडा डी२वर आणण्याची रीतही हल्ली पांढऱ्यात दिसते. तेव्हा तुम्ही घोड्याने एफ३वर शहासह मारामारी करून एक जोडी कमी करा आणि शांतपणे विकास पूर्ण करा.

खरे सांगायचे तर स्पर्धांत सहाव्या खेळीला उंट डी३वर आणणारे कमीच भेटतात. ए३ किंवा उंट ई२ या खेळ्या जास्त वाट्याला येतील. तिथेही एकच विचार तुम्हाला पुरेल: डी४वर आणखी एक मोहरा कसा आणायचा? राजाकडचा तुमचा घोडा ई७ किंवा एच६वरून एफ५वर येतो आणि डी४वर तिसरी नजर रोखली जाते. उंट ई२वर असेल तर पांढऱ्याच्या वजिराची वाट मोकळी असते, म्हणून उंटामागचा तो सापळाही नसतो. उलट राखणीसाठी पांढऱ्यालाच बी१चा घोडा ए३वरून सी२वर असा वळसा घालून आणावा लागतो. ए३ खेळणारा बी४ने पुढे सरकू पाहतो. त्यावर तुम्ही एच६ला घोडा नेऊन एफ५कडे निघू शकता, किंवा सी४ खेळून बी३चे घर कायमचे ताब्यात घेऊ शकता. मात्र सी४ खेळलात की डी४वरचा दाब संपला, हे मान्य करूनच खेळा आणि पुढची लढाई एफ६ने ई५वर करा.

आता तुमच्या मित्रांच्या सूचनेबद्दल. नऊ खेळ्यांत वजीर गेल्यावर बचाव बदलावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण नव्या बचावातही उंटाआड वजीर दडणार आहे आणि तिथे तुम्ही दोन वर्षे मागे असाल. फ्रेंच बचावाला नाव पडले ते १८३४ ते १८३६ या काळात लंडन आणि पॅरिस यांच्यात पत्राने खेळल्या गेलेल्या सामन्यावरून. पॅरिसकरांनी ई४ला ई६ने उत्तर दिले आणि तो डाव जिंकला. पुढे मिखाईल बोट्विनिक आणि व्हिक्टर कॉर्चनॉय यांच्यासारख्यांनी तो मोठ्या सामन्यांत वापरला. पूर्व जर्मनीचे वोल्फगांग उलमान यांनी तर सारी कारकीर्द ई४विरुद्ध जवळजवळ केवळ याच बचावावर काढली. एकाच बचावात आयुष्य काढणाऱ्याला त्यातले खड्डे माहीत नसतात असे नाही. तो प्रत्येक खड्ड्यात एकेकदा पडून आलेला असतो. तुमचा एक झाला.

तुम्ही पाठवलेल्या स्कोअरशीटवर एक गोष्ट मला खटकली. डाव ९० मिनिटांचा आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंदांची भर असा होता, आणि आठव्या खेळीपुढे तुम्ही स्वतःच्या घड्याळावरची वेळ लिहिली आहे: ९१ मिनिटे ४० सेकंद. म्हणजे वजीर डी४वर ठेवताना तुमच्याकडे सुरुवातीपेक्षा जास्त वेळ होता. पाठ असलेल्या खेळ्या भराभर खेळण्यात चूक नाही, पण पटावरून पहिला मोहरा किंवा पहिले प्यादे जाते तिथे हात मांडीखाली घ्यावा आणि दोन मिनिटे थांबावे. त्या दोन मिनिटांत स्वतःला एवढेच विचारावे: या मारामारीनंतर समोरच्याला कोणता शह मिळतो? तुमच्या स्थितीत पांढऱ्याकडे शह देऊन वजीर जिंकणारी खेळी एकच होती. ती सापडायला दोन मिनिटेही लागली नसती.

सरावासाठी एक करून पाहा. तुमच्या वहीत फ्रेंचच्या खेळ्या ओळीने लिहिलेल्या असतील. प्रत्येक खेळीपुढे ‘ही खेळली नाही तर काय होते’ हे एका वाक्यात लिहा, आणि तेही संगणकाकडे न पाहता. जिथे वाक्य सुचणार नाही, तिथे तुमच्या तयारीतले पुढचे भगदाड आहे. संगणक त्यानंतर उघडा. शिवाय हीच सहाव्या खेळीची स्थिती मित्राबरोबर पांढऱ्याकडून चार-पाच वेळा खेळा. सापळा लावणाऱ्याच्या खुर्चीतून तो दुरूनही दिसतो.

पाचव्या फेरीबद्दल फार लिहीत नाही. वजीर गमावल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीही बिचकतो, आणि अर्धा गुण हाती आला. फक्त स्थिती चांगली असताना बरोबरी मागण्याआधी पुढची एक खेळी मनात ठरवून पाहत जा. ती सुचली आणि आवडली, तर खेळूनच टाका.

राहिला डाव सोडण्याचा प्रश्न. नवव्या खेळीला शह बसल्यावर तुम्ही उंट डी७वर मध्ये घातलात, आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याने लगेच वजीर घेण्याऐवजी आधी त्या उंटालाच शहासह मारले. त्याने लगेच वजीर मारला असता तर तुम्हाला बदल्यात बी५वरचा उंट मिळाला असता आणि काही काळ झुंजता आले असते. मधला शह त्याने अचूक टिपल्यामुळे तुमच्या राजाला डी७वर यावे लागले, अकराव्या खेळीला वजीर गेला आणि हाती उरले ते एक प्यादे. इतक्या थंड डोक्याने खेळणाऱ्या माणसासमोर तिथे डाव सोडण्यात काहीच गैर नव्हते. पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला, तर त्याला सहाव्या खेळीला डी३वर उंट जरूर आणू द्या.